लाल पट्टीतला आवाज

नासिरला गाण्यातलं काही कळत नव्हतं. बाळापूरच्या बसस्टँडमागे रेडिओ, डेक आणि अॅम्प्लिफायर दुरुस्त करण्यात त्याची अर्धी हयात गेली, पण चार ओळी गुणगुणायला लावल्या असत्या तर गिऱ्हाईक पळालं असतं. त्याला नाद होता तो आवाज डोळ्यांनी बघायचा. कुठलाही डेक दुकानात आला की त्याला मीटर बसवल्याशिवाय या माणसाचा जीव थाऱ्यावर येत नसे. गाणं लागलं की फिकट तबकडीवरचा काळा काटा उठायचा, आवाज चढला की उजवीकडे धावायचा आणि टोकाच्या लाल पट्टीला शिवून परत यायचा. काटा लाल पट्टीत गेला म्हणजे आवाज प्रमाणाबाहेर गेला, आता फाटणार. गिऱ्हाईक काकुळतीला येऊन म्हणायचं, "नासिरभाई, मले फक्त खरखर काढून द्या." नासिर खरखर काढायचा आणि मीटरही बसवून द्यायचा.

ते दिवस मात्र गाण्याबजावण्याचे नव्हते. कापूस घराघरांत पडून होता. टीव्हीवाल्यांच्या गाड्या तेल्हारा, हिवरखेडच्या रस्त्यांवर धूळ उडवत फिरत होत्या आणि चहाच्या टपरीवर माणसं सरकारी मदतीचा 'पॅकेज' हा शब्द न आलेल्या पाहुण्याचं नाव घ्यावं तसा घेत होती. जवळच्याच एका गावात कुणीतरी दार लावून, आत रेडिओ मोठ्यानं लावून स्वतःचं बरंवाईट करून घेतलं. तेव्हापासून बंद दारामागे गाणं वाजत राहिलं की शेजारी हातातलं काम टाकून कडी वाजवायला यायचे. नासिरकडे लोक डेक दुरुस्तीला कमी आणि विकायला जास्त आणू लागले होते. फळ्यांवर मुके डेक ओळीनं बसलेले, आणि त्यांच्यापुढे हा एकटा.

अशा एका दुपारी केशरबाई ऑटोतून उतरली. मागोमाग ऑटोवाला तिचा सेट घेऊन आला. लाकडी पेटीतला अॅम्प्लिफायर, त्यातच कॅसेट आणि माईकची सोय, सोबत दोन स्पीकर. नासिरनं तो लांबूनच ओळखला. मोतीरामचा सेट होता तो. मोतीराम कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता, पण तालुक्यात त्याला ओळखायचे ते भीमगीतांच्या गायन पार्टीतला गळा म्हणून. गेल्या साली लकव्यानं तो गेला. केशरबाई त्याची बायको. ठार बहिरी. तरुणपणी तापात कान गेले, असं वस्तीत सगळे सांगायचे.

"जय भीम, मावशी," नासिर तिच्यासमोर येऊन तोंड नीट उघडून म्हणाला. ती ओठ वाचायची.

"जय भीम. याले थे काट्यावालं बसवून दे."

हे तिनं आपल्या परीनं हळूच सांगितलं, पण बसस्टँडवरच्या दोन माना वळल्या. नासिरनं कौतुकानं नव्या चालीचं मीटर काढलं. हिरवे-तांबडे बारीक दिवे आवाजाबरोबर चढतात आणि उतरतात, अकोल्याच्या बाजारात सध्या तेच चालत होतं.

"हे दिवाळीचे दिवे मले नको. काटाच पाह्यजे. बोलताना जीभ हालते तसा हालला पाह्यजे. आन् एक बटन बसव. थे दाबलं का डब्यातून आवाज बंद, पन काटा चालू."

"आवाज बंद करून काटा कायले पाह्याचा, मावशी?"

"मले थसाबी आवाज येत नाही. दुसऱ्यायले येऊ नये म्हून बटन."

नासिरनं तिला चहा मागवून दुकानातल्या आपल्या कपात दिला. तिनं कप हातात घेतला, त्याच्या काठाकडे पाहिलं आणि चेहऱ्यावरची माया जराही न हलवता बोलली, "कप धुवत नाही वाट्टे हा. बापासारखाच गलिच्छ." टपरीवाला तोंड फिरवून हसू लागला. नासिरला वाईट वाटलं नाही, कारण बाई त्याला बोललीच नव्हती, ती मनात म्हणाली होती. केशरबाईचं हे असंच होतं. मनातलं मनात राहिलं असं तिला वाटायचं आणि ते गल्लीभर व्हायचं. वस्तीतल्या कुणी तिला हे कधी सांगितलं नाही. म्हाताऱ्या बाईला कशाला लाजवा, आणि खरं बोलायचं तर फुकटची करमणूक कोण बंद करील.

नासिरनं अकोल्याच्या भंगारातून आणलेली मीटरची एक जुनी जोडी स्वतःसाठी जपून ठेवली होती. पिवळसर तबकडी, मागे बारीक दिवा, काटा केसाएवढा. ती त्यानं मोतीरामच्या सेटला लावायचं ठरवलं. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. समोरच्या लाकडात करवतीनं दोन खिडक्या कापल्या, आवाज स्पीकरकडे निघतो तिथून तारा घेतल्या आणि मधे बटण टाकलं. गाण्याला काटा जरा सुस्त ठेवतात, म्हणजे तो डौलानं फिरतो. पण बाईनं जीभ म्हटलं होतं. म्हणून त्यानं काटा चपळ केला, शब्दाशब्दाला उठेल असा.

सेट घरी पोचवला तेव्हा मुलगा घरीच होता. नागसेन अकोला डेपोला कंडक्टर होता. त्यानं बापाच्या गाण्याची कॅसेट लावली. मोतीरामचा आवाज घरभर पसरला, दोन्ही काटे उठले आणि नागसेन तबकडीपुढे मांडी घालून बसला.

"बाबा दिसून राह्यले, माय," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. बापाबद्दल त्याला अभिमान होता तेवढा फार थोड्या मुलांना असतो.

केशरबाई काट्यांकडे बघत नव्हती. ती मुलाकडे बघत होती, आणि तिनं मान हलवली ती त्याच्यासाठी.

दुसऱ्या दिवशी नागसेन ड्यूटीवर गेल्यावर तिनं नासिरला बोलावून घेतलं. सून नीलम अंगणवाडीत होती. वस्तीतल्या बाया कापूस वेचायला गेलेल्या, त्यामुळे गल्ली ओस पडली होती. केशरबाईनं तुरीच्या डाळीच्या पिंपात खांद्यापर्यंत हात घातला आणि फडक्यात बांधलेली एक कॅसेट काढली.

"हे कोनालेच मालूम नाही. नागसेनलेबी नाही. बटन दाब."

नासिरनं आवाजाचं बटण बंद केलं. कॅसेट फिरू लागली. खोलीत एका चाकाची बारीक कुईकुई सोडली तर काहीही ऐकू येत नव्हतं. मग काटे हलले. एकदम उठून लाल पट्टीला धडकले, पडले, पुन्हा धडकले. गाण्याचे काटे असे हलत नाहीत, हे कुणीतरी बोलत होतं. भर दुपारी, नि:शब्द खोलीत, मेलेल्या माणसाच्या पेटीवर दोन काटे जिवाच्या आकांतानं आपटत होते आणि एक बहिरी बाई श्वास रोखून ते वाचत होती. नासिरनं हजार मीटर बघितले असतील. त्याच्या अंगावर काटा आला तो पहिल्यांदाच.

"काय आहे यात, मावशी?"

"त्यायचं शेवटचं बोलनं."

मग तिनं सांगितलं. मोतीरामला दवाखान्यातून घरी आणलं होतं. तोंड वाकडं झालेलं. सारी उमर तिनं त्याचे ओठ वाचले, पण आता ते ओठच जागेवर नव्हते. त्या दुपारी घरात दोघंच होती आणि तो बोलायला लागला. तिला काही उमजेना. सेट खाटेपाशीच होता. तिनं माईक त्याच्या छातीवर ठेवला आणि तो रियाज टेप करताना दाबायचा तशी दोन बटणं सोबत दाबली. तो बोलत राहिला, ती तोंडावर पदर धरून बघत राहिली. संध्याकाळी तो गेला.

"मंग कोनाकडून आयकून घ्याचं ना," नासिर म्हणाला. "नागसेनभाऊनं सांगतलं असतं."

"कसं सांगू नागसेनले?" तिचा आवाज चढला. "माहे कान तापानं नाही गेले."

नासिरनं उठून खिडकी लावून घेतली. दार मात्र त्यानं उघडंच ठेवलं. त्या दिवसांत बंद दार कुणाला सोसत नसे.

लग्नाला थोडेच महिने झाले होते. घरात गायन पार्टी बसली होती. मोतीरामनं वरचा सूर घेतला आणि तो फाटला. दाराआड उभी असलेली केशर हसली. सगळ्यांना ऐकू जाईल अशी हसली, तेव्हा तिचं वयच हसायचं होतं. माणसं उठून गेल्यावर त्यानं तिच्या कानाखाली एकच मारली. कान वाहायला लागला तो राहिलाच नाही. दुसरा काही वर्षांनी आपोआप गेला. लोकांना ताप सांगितला तोही मोतीरामनंच, आणि तिनं तो खरा केला. त्यानंतर त्यानं तिच्यावर कधी हात उचलला नाही. पण त्या थापडेबद्दल तो अवाक्षर बोलला नाही, आणि तिनंही काढलं नाही.

"मले एक शबद पाह्यजे होता. वाटलं, मरताना थोच बोलत असतीन. माफी मांगत असतीन. म्हून काटा मांगतला. माफी मांगनाऱ्याचा काटा हळू हालन, नाही का?" तिनं तबकडीवर बोट ठेवलं. "आन् हे पाह्य. कसे चवताळले. मरतावक्तीबी मले शिव्याच देल्ल्या."

नासिरनं कॅसेट बंद केली. त्यानं फक्त तारा जोडल्या होत्या.

त्या दिवसापासून त्याला सगळीकडे काटा दिसू लागला. टपरीवाला हाक मारायचा आणि नासिरला त्याच्या तोंडापुढे काटा उठलेला दिसायचा. घरी बायको अनीसा भाकरी वाढताना काही विचारायची आणि हा तिच्या ओठांकडे बघत बसायचा.

"मी काय इचारून राह्यली अन् तुमी काय पाहून राह्यले?" ती म्हणायची. "झपाटले का कोन?"

दुकानातही बरं नव्हतं. भारनियमन संपून लाईट आली की फळीवरच्या एखाद्या जुन्या सेटचा काटा उगाच एकदा उठायचा आणि पडायचा. हे तो आयुष्यभर बघत आला होता, त्याचं कारणही त्याला पाठ होतं. आता मात्र त्याला वाटायचं, आत कुणीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.

त्या आठवड्यातच नागसेन डेपोला जाता जाता दुकानात आला. खांद्याला तिकिटाची पेटी होती, चेहरा उतरलेला होता.

"नासिरभाई, थे मीटर काढून घ्या."

"काय झालं?"

"माय जेवत नाही. दिवसभर सेटपुढं बसून राह्यते. काल नीलम घरी आली तं घरात अंधार, आवाज कायचाच नाही, अन् थे दोन काटे उड्या मारून राह्यले. माय पाहून राह्यली. नीलम तं भेलीच. कोनती कॅसेट म्हून इचारलं तं काढून लपवते. वस्तीत लोक म्हनून राह्यले का बाबा सेटमधी आले." त्यानं पेटी खांद्यावर सावरली. "आमी असं काही मानत नाही, तुमाले मालूम आहे. पन मी सोता पाह्यलं तं माह्यानंबी अंदर जावलं नाही."

नासिरनं संध्याकाळच्या आत येतो म्हणून सांगितलं. मीटर काढायचे म्हणून पेचकस पिशवीत टाकला आणि तिथंच त्याचा हात थबकला.

मोतीराम जाण्याच्या आदल्या दिवशी नासिर त्याला बघायला गेला होता. मोतीराम त्याला काहीतरी म्हणाला होता, आणि ते ऐकायला नासिरला आपला कान त्याच्या तोंडाशी न्यावा लागला होता. तरीही कळलं नव्हतं. अशा माणसाचा काटा लाल पट्टीत जाईल कसा? म्हणजे चूक आपलीच. आपण हौसेनं काटा इतका हलका करून ठेवला की नुसत्या श्वासानंही तो धडकतो, आणि ती बिचारी नवऱ्याच्या कण्हण्याला शिव्या समजून बसली. नासिरला स्वतःची एवढी चीड आली की त्यानं पेचकसासोबत माईक आणि हेडफोनही पिशवीत कोंबला. आधी काटा तपासायचा, मग काढायचं ते काढायचं.

केशरबाई सेटसमोरच बसली होती. त्या काही दिवसांत ती कितीतरी वाळली होती. नासिरनं खुणेनं तिला थांबायला सांगितलं, कॅसेट बंद केली आणि माईक लावला. स्पीकर बंदच होते. त्यानं माईक तोंडाशी धरून नेहमीच्या आवाजात म्हटलं, "हॅलो. हॅलो." काटा अर्ध्यावर आला आणि शहाण्यासारखा परत गेला. तो कुजबुजला. काटा जेमतेम थरथरला. नासिर बुचकळ्यात पडला. काट्यात खोट नव्हती, तो सांगायचं तेच सांगत होता.

"काय करून राह्यला तू?" केशरबाईनं मागून विचारलं.

दोन्ही काटे उसळून लाल पट्टीला धडकले.

माईक नासिरच्या हातात होता आणि केशरबाई दोन हातांवर होती. तिनं काट्यांकडे पाहिलं, मग नासिरच्या ओठांकडे. ते मिटलेले होते.

"हे कोन बोललं?"

काटे पुन्हा धडकले.

नासिर तिच्याकडे वळला. "तुमी बोलल्या, मावशी."

"मी तं हळू बोलली."

काटे लाल पट्टीत होते. तिनं ते बघितलं. मग माईक त्याच्या हातातून घेतला, तोंडाजवळ धरला आणि पोराच्या कानात सांगावं तितकं हळू, तिच्या मते तितकं हळू, म्हणाली, "केशर." काटा लाल पट्टीत गेला. तिनं ओठ मिटले आणि ती नुसती बसून राहिली. काटा पडला. थोड्या वेळानं, ती काही बोलायला तोंड उघडत नाही अशा थाटात बसलेली असताना, तिच्याकडून शब्द आले, "म्हंजे मी गप नव्हती." काटा उठला. ते ती मनात म्हणाली होती, आणि मनातलं आता तिला तबकडीवर दिसत होतं.

कित्येक वर्षांत तिला कुणी सांगितलं नव्हतं ते एका भंगारातल्या मीटरनं सांगितलं. नासिरला तिच्याकडे बघवेना. त्याच्या न धुतलेल्या कपाबद्दलचं तिचं मत सगळ्या बसस्टँडनं ऐकून हसण्यावारी नेलं होतं, त्यात तोही होता.

तिनं स्वतःच कॅसेट लावली. आता दोघंही बघत होते. मोठ्या उड्या आल्या, लाल पट्टीत धडकल्या. मग खंड पडला. त्या खंडात, तिनं आजवर पाहिलाच नव्हता असा, काटा जरासा हलला. जागा सोडली न सोडली आणि पडला. नासिरनंही तो आधी कॅसेटची खरखर म्हणून सोडून दिला होता.

"मोठं हालते थे मी," केशरबाई म्हणाली. "आन् हे बारीक?"

नासिरनं मान हलवली. तो मोतीराम होता.

ती बराच वेळ गप्प होती. खरोखरची गप्प, कारण नासिर ऐकत होता. मग तिनं त्याच्या पिशवीतून डोकावणारा हेडफोन ओढून काढला आणि त्याच्या हातात दिला. "आयक. आन् जसं आहे तसं सांग. मन राखू नको."

नासिरनं हेडफोन कानाला लावला आणि कॅसेट पहिल्यापासून सुरू केली. खाट करकरली. मग केशरबाईचा आवाज आला, इतका मोठा की त्यानं दचकून आवाज कमी केला. 'बोला ना. तोंड काहून असं करता. मले काहीच उमजून नाही राह्यलं.' मग काहीतरी अस्पष्ट घरघर. मग पुन्हा ती, आणि आता तिचा बांध फुटला होता. 'एकदा हासली मी. एकदाच. त्याचं एवढं मोठं केलं तुमी. ताप म्हनून सांगतलं लोकायले, म्याबी सांगतलं. नागसेन रडे तं मले त्याचं तोंड पाहून समजे. साऱ्या दुनियेनं तुमचं गानं आयकलं, अन् तुमच्याच घरात म्या नाही आयकलं.' ती बोलत होती आणि तिला ठाऊकच नव्हतं की ती बोलते आहे. एका माणसाच्या छातीवर माईक ठेवून तिनं आयुष्यभराचं दुखणं त्याच्या तोंडावर सांगून टाकलं होतं, आणि तोंडावर पदर धरून आपण मुकाट बसलो आहोत असंच तिला वाटत होतं.

आणि तिला दम लागून ती थांबली की प्रत्येक वेळी ती घरघर यायची. नासिर डोळे मिटून ऐकत राहिला. पहिल्यांदा नुसता आवाज होता. नंतर त्याला कळलं की दर वेळी तेच शब्द आहेत. वाकड्या तोंडातून, एकेक अक्षर ओढून काढलेले. कॅसेटच्या त्या बाजूच्या शेवटाला एक मोठा खंड होता, तिथं ते त्याला स्वच्छ ऐकू आले.

त्यानं हेडफोन काढला. केशरबाई त्याच्या ओठांवर नजर लावून बसली होती.

"तुमी सगळं बोलल्या, मावशी. थापड. हासनं. ताप. गानं."

"मी बोलली? त्यायच्यापुढं?"

"मोठ्यानं."

"आन् थे?"

नासिरनं तोंड पूर्ण उघडलं, तिला एकही अक्षर चुकू नये म्हणून. "आयकून राह्यलो, केशर. दर वेळी एवढंच. दुसरं काहीच नाही."

"माफी?"

खोटं सांगावं असं त्याला फार वाटलं. एका शब्दाचा तर प्रश्न होता. पण मन राखू नको म्हणून तिनंच बजावलं होतं.

"माफी नाही मांगली," तो म्हणाला.

केशरबाईनं मान खाली घातली. माईक अजून सेटला लागलेलाच होता आणि ती काही मनात म्हणते का म्हणून नासिरची नजर नकळत काट्याकडे गेली. काटा हलला नाही. बाहेर कापूस वेचून आलेल्या बायांचे आवाज गल्लीत येऊ लागले होते.

नागसेन आला तो दारातच थांबला. मीटर अजून सेटवरच होते. "काढले नाही काहून, नासिरभाई?"

केशरबाईनं त्याला हातानं जवळ बसवलं, सेटसमोर. मग तिनं कॅसेट पहिल्यापासून लावली आणि आवाजाच्या बटणावर बोट ठेवलं. नासिरनं झटकन तिचा हात धरला.

"मावशी, गल्लीत लोक आहेत. सगळे आयकतीन."

"आयकू दे. आतापावतर लोकायनं त्यायचंच आयकलं."

तिनं बटण दाबलं.

तिचा आवाज घरातून उसळून गल्लीत गेला. बाया जिथं होत्या तिथं थांबल्या. एक जण कडी वाजवायला धावत आली आणि उघड्या दाराशी येऊन उभी राहिली. नागसेननं आधी आईकडे पाहिलं, मग सेटकडे, मग जमिनीकडे. थापडेशी आलं तेव्हा तो उठायला गेला. केशरबाईनं त्याचं मनगट धरून ठेवलं. ज्या बापाची कॅसेट त्यानं जिवापाड जपली तो बाप त्याच्या डोळ्यांदेखत दुसराच कुणी होत होता, आणि त्याला उठून जायची सोय नव्हती. नासिरला वाटलं आपण इथं नसावं. पण तो हलला नाही.

केशरबाई तबकडीकडे बघत नव्हती. तिनं काट्यांकडे पाठ केली होती आणि ती मुलाचा चेहरा वाचत होती, तो लहानपणी रडायचा तेव्हा वाचायची तसा. शेवटचा खंड आला. स्पीकरमधून ती घरघर निघाली, सावकाश, एकेक अक्षर. नागसेनचा चेहरा मोडला.

"आता म्हनले थे, नाही?" केशरबाईनं विचारलं.

नागसेननं मान हलवली. कॅसेट संपेपर्यंत तिनं त्याचं मनगट सोडलं नाही. काटे आपल्या जागी हलत असतील, पण त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.